आईच्या पेटीचं कुलूप

"माही किल्ली कुठं ठेवली वं?"

दिवाळीनंतर आईनं हा एकच प्रश्न धरला. ती शहाऐंशी वर्षांची आहे. भिलाईत येऊन तिला पासष्ट वर्षं झाली. एरवी माझ्याशी ती पुस्तकी वाटावी इतकी नीट मराठी बोलते, शेजारणींशी छत्तीसगढी मिसळलेली हिंदी बोलते. पण घाबरली किंवा रागावली की नागपूरच्या गल्लीतली बोली वर येते. किल्ली तिच्या लोखंडी पेटीची. लग्नात माहेरहून आलेली ती पेटी, पेटीवरचं पितळी कुलूप आणि आईच्या कनवटीची किल्ली, या तीन गोष्टी मी जन्मापासून एकत्र पाहिल्या. ऑक्टोबरात तिला आठ दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. साडी सोडून गाऊन घातला, साडी धुवायला घरी आली आणि त्या धांदलीत किल्ली गेली. आम्ही साड्या झटकल्या, गाद्या उलटल्या, मोरीची जाळी काढून पाहिली. मिळाली नाही.

पुण्याहून भाऊ फोनवर म्हणाला, "कटर लावून घे, दोन मिनिटांचं काम आहे." शेजारच्या मुलानं पेटीभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं की कुलपाला हात लावायचीही गरज नाही. मागच्या बिजागऱ्यांच्या सळया ठोकून काढल्या की झाकण उचलतं. दोघांचंही बरोबर होतं. मी आईला म्हटलं, "आपण पेटी उघडू, आणि नवं कुलूप लावू."

"मले पेटी नाई उघडाची," ती म्हणाली. "मले माही किल्ली पायजे."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळे चुकीच्या गोष्टीवर उपाय शोधत होतो. तिला आत काय आहे ते पाहायचं नव्हतं. ते तिला माहीत होतं. तिला हवा होता तो बंद करण्याचा हक्क. आणि तो या कुलपाचा, दुसऱ्या नव्हे.

मी इथल्या हिंदी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मुलांना कुठल्याही वस्तूबद्दल पहिला प्रश्न विचारायला लावायचे तो तिच्या नावाचा. आता मला वेळ होता, म्हणून मीही तेच केलं. आमच्या घरात या एका वस्तूला किती नावं आहेत ते मोजलं. आई 'कुलूप' म्हणते. तो अरबी 'कुफ्ल' आहे, फारसीतून दख्खनेत येता येता त्याची अक्षरं जागा बदलून बसली. आमच्याकडे काम करणारी बाई छत्तीसगढीत कुलपाला 'तारा' म्हणते आणि किल्लीला 'कुची'. 'कुची'त संस्कृत 'कुञ्चिका' अजून जिवंत आहे, 'तारा'त 'तालक'. त्याच 'तालक'चं मराठी रूप 'टाळं'. आपण ते रोजच्या वापरातून जवळपास काढून टाकलं, पण गिरणी बंद पडली किंवा साथ आली की 'टाळेबंदी' म्हणून ते परत येतं. भाऊ पुण्यात राहून 'चावी' म्हणायला लागला. तो पोर्तुगीज 'शाव्ह'. गोव्यात आणि वसईत पोर्तुगिजांनी जे ठेवलं त्यातला हा शब्द चिमाजी अप्पांनाही परत पाठवता आला नाही.

आणि बाबांचा एक शब्द होता, 'क्ल्यूच'. बाबा रेल मिलमध्ये होते. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या शेजारी सोव्हिएत तंत्रज्ञ उभे असत आणि दिवसाचं निम्मं काम खुणांनी, निम्मं दहा-बारा रशियन शब्दांनी चाले. रशियनमध्ये 'क्ल्यूच' म्हणजे किल्ली आणि 'क्ल्यूच' म्हणजेच पाना. सायकलची चेन उतरली की बाबा ओरडत, "क्ल्यूच आण." त्याच भाषेत कुलूप आणि गढी यांनाही एकच शब्द आहे. शब्दावरचा जोर कुठे पडतो त्यावरून अर्थ ठरतो. आपल्याकडे किल्ला आणि किल्ली यांची कुळं वेगळी आहेत, पण कानाला ती भावंडंच वाटतात.

नावांनी कुलूप उघडत नाही. म्हणून मी पॉवर हाऊसच्या बाजारात गेले. तिथे रस्त्याच्या कडेला तारेत ओवलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे झुपके टांगून एक वयस्क सरदारजी बसतात. ते शिकलगार. 'शिकल' म्हणजे धातूला दिलेली चकाकी. तलवारींना, भाल्यांना धार आणि झिलई देणारे ते शिकलगार. मराठीतही हा शब्द जुना आहे. शीख शिकलगार आपलं नातं गुरू गोविंदसिंगांच्या फौजेच्या हत्यारांशी सांगतात. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्रांचा कायदा केला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगणं हा गुन्हा झाला. तलवार घडवणाऱ्या हातांना मग बादल्या, कढया, विळ्या आणि किल्ल्या उरल्या. नांदेडपासून नागपूर-रायपूरपर्यंत गावोगावी किल्ल्या करणारे सरदारजी दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मी त्यांना सांगितलं, कुलूप तोडायचं नाही, आणि पेटीही उघडायची नाही. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं, मग विचारलं, कुलूप कुणाचं आहे? मी म्हटलं, आईचं. "मग आईंना शेजारी बसवा," ते म्हणाले. दुसऱ्याचं कुलूप धन्यासमोरच उघडायचं, हा त्यांच्या धंद्याचा नियम.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. आई पेटीजवळ मोढ्यावर बसली. कुलूप पितळी, तळहाताएवढं, हातात घेतलं की वजन जाणवणारं. आईच्या वडिलांनी ते नागपूरच्या इतवारीतून आणलं होतं. कारखान्याचं नाव आईच्या अंगठ्याखाली पासष्ट वर्षांत झिजून गेलेलं. फक्त 'सहा लिव्हर' असं सांगणारा इंग्रजी आकडा उरलेला. सरदारजींनी किल्लीच्या भोकात रॉकेलचे चार थेंब सोडले, दहा मिनिटं थांबले, मग टोकाला वाकवलेली तार आत घातली आणि डोळे मिटून ती हलवत राहिले. एखादा वैद्य नाडी बघतो तसं. मग म्हणाले, पाच पट्ट्या दाबल्या की परत येतात. एक येत नाही. मेली आहे.

इथे कुलपाच्या पोटात काय असतं ते सांगायला हवं. लिव्हर म्हणजे पितळेची पातळ पट्टी. एका बाजूला खिळ्यावर फिरणारी, दुसऱ्या बाजूनं बारीक स्प्रिंगनं खाली दाबलेली. अशा सहा पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत एक खाच असते आणि कुलपाच्या बोल्टावर एक खुंटी. किल्लीचे दात प्रत्येक पट्टीला वेगवेगळ्या उंचीपर्यंत उचलतात. सहाही खाचा एका रेषेत आल्या की खुंटी त्यांतून सरकते, बोल्ट मागे जातो आणि कडी सुटते. एक जरी पट्टी कमी उचलली गेली तरी खुंटी अडते. जास्त उचलली गेली तरी अडते.

यातलं दुसरं वाक्य महत्त्वाचं. त्याआधीच्या कुलपांत पट्टी नुसती पुरेशी उचलली की काम होई, म्हणून कुठलीही जाड तार चाले. 'जास्तही नको' ही अट १७७८ साली लंडनच्या रॉबर्ट बॅरननं घातली. १८१८ साली जेरेमाया चब यानं एक पायरी पुढे टाकली. त्याच्या कुलपात एखादी पट्टी प्रमाणाबाहेर उचलली गेली की ती वरच अडकून बसे. मग खरी किल्लीही लगेच चालत नसे, आणि मालकाला कळे की कुणीतरी हात लावून गेलं आहे. हे कुलूप चोराला अडवून थांबत नव्हतं, चोर येऊन गेल्याची चहाडीही करत होतं. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ए. सी. हॉब्ज हा अमेरिकन कारागीर आला आणि त्यानं चबचं कुलूप साधारण २५ मिनिटांत उघडून दाखवलं. ब्रामा कंपनीचं एक कुलूप पिकॅडिलीच्या दुकानात, उघडणाऱ्याला २०० गिनी देऊ अशा पाटीसह, साठ वर्षं तसंच होतं. तेही त्यानं १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडलं. इंग्लंडला आपल्या तिजोऱ्यांची काळजी लागली. पण हॉब्जनं कुलूप फोडलं नव्हतं, वाचलं होतं. कुलपाच्या पट्ट्यांत किल्लीचा सगळा आकार लिहिलेला असतो. किल्ली हरवली तरी तो हरवत नाही. कटर मात्र तो पुसून टाकतो.

सरदारजींनी कुलपाखाली लाकडी ठोकळा दिला आणि मागच्या पत्र्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. पितळ उजळलं तसे चार फिकट वर्तुळांचे डाग दिसू लागले. ते रिव्हेट. कारागिरानं ते पत्र्याशी इतके सपाट ठोकले होते की एरवी डोळ्यांना दिसू नयेत. प्रत्येकाच्या मधोमध पंच मारून त्यांनी हातड्रिलनं रिव्हेटचं फक्त डोकं काढलं, खोल गेले नाहीत. मग पातळ सुरीचं टोक घालून पत्रा उचलला. आत काळा राब होता, खोबरेल तेलाचा. आई दर दिवाळीला कुलपात तेल सोडायची. तेल वाळून डिंक झालं होतं आणि त्यात साठ वर्षांची धूळ बसली होती. कुलपात खाण्याचं तेल कधी घालू नये, पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी, असं सरदारजी म्हणाले. आईनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मी वर्तमानपत्र पसरून त्यावर एक ते सहा आकडे लिहिले. ते एकेक पट्टी चिमट्यानं काढत आणि मी ती आपापल्या आकड्यावर ठेवत गेले. क्रम चुकला तर सगळंच गेलं. पट्ट्या रॉकेलनं पुसल्यावर प्रत्येकीच्या पोटाला एक चकचकीत ओरखडा दिसला. किल्लीचा दात तिथे हजारो वेळा घासून गेला होता. चौथ्या पट्टीची स्प्रिंग मोडलेली होती. मी भिंगातून पाहिलं. मोडलेल्या टोकावरही तोच काळा राब होता. म्हणजे ती आता मोडली नव्हती. कितीतरी दिवाळ्यांपूर्वी मोडली होती.

आणि मला एकदम आठवलं. आई किल्ली फिरवण्याआधी कुलपाला बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारायची. नेहमी दोनच. आम्हा भावंडांना ती देवाला हात जोडण्यासारखी काहीतरी सवय वाटे, आम्ही तिची नक्कलही करायचो. आता कारण माझ्यासमोर कागदावर पडलं होतं. स्प्रिंग नसलेली चौथी पट्टी किल्लीनं वर उचलली की तिथेच चिकटून राहायची. बॅरनच्या अटीप्रमाणे ती जास्त उचललेली, म्हणून खुंटी अडायची. टिचकी मारली की ती खाली पडायची. चबनं मुद्दाम जे केलं ते आईच्या कुलपात मोडतोडीनं झालं होतं, आणि आईनं कुणाला न विचारता त्यावर उपाय शोधला होता. कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं आहे असं तिला वाटलंच नसणार.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी जुनी कुलपं पाहिली आहेत. अडकित्ते, दिवे, फण्यांच्या शेजारी ठेवलेली. तिथे उभं राहिलं की कारागिराचं कौतुक वाटतं. पण कुलूप वापरणाऱ्या बाईच्या टिचक्या कुठल्या संग्रहालयात ठेवता येत नाहीत.

सरदारजी स्प्रिंगसाठी जुन्या घड्याळाची पट्टी शोधायला गेले, ते दोन दिवसांनी येणार होते. कुलूप निघालेलं, पेटी बंद पण उघडी. आईनं मोढा हलवू दिला नाही. मी तिच्या जुन्या साडीचा काठ कडी-कोयंड्यातून ओवून गाठ मारली, तेव्हा ती जेवायला उठली. त्या दोन दिवसांत मी विचार करत राहिले की हे कुलूप हिच्या हातात आलं कसं.

आपल्या जुन्या वाड्यांना बाहेरून कुलूप लावायची वेळ क्वचित येई. दार आतून बंद व्हायचं, अडसर घालून. घर कधी रिकामं नसायचं. म्हातारी माणसं, बाळंतिणी, लेकरं कुणीतरी असेच. धान्य बळदात आणि पेवात, मोलाची चीज भिंतीत किंवा जमिनीत. राजाच्या खजिन्यालाही कुलपाइतकाच माणूस लागे. जामदार, पोतदार, कोठावळे ही आज आडनावं आहेत, तेव्हा ते विश्वासाचे हुद्दे होते. आमच्या या भागावर नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राहून छत्तीसगढचा कारभार पाहत. त्याच भोसल्यांचं नागपूर डलहौसीनं १८५४ साली खालसा केलं तेव्हा वाड्यातल्या चिजांचा लिलाव झाला आणि दागिने विकायला कलकत्त्याला गेले. जामदारखान्याला कुलूप नव्हतं असं नाही. पण हुकूम हातात असणाऱ्याला किल्ली लागत नाही.

बाहेरून लावायचं कुलूप सामान्य माणसाच्या हातात आलं ते घरं रिकामी राहू लागली तेव्हा, असं मला वाटतं. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग पसरला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं खोल्या सोडून गावाकडे पळाली. १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये अर्देशिर गोदरेज यांनी कुलपं करायला सुरुवात केली. ते वकिली सोडून आले होते, शस्त्रक्रियेची हत्यारं बनवण्याचा त्यांचा पहिला धंदा बसला होता. वर्तमानपत्रात घरफोड्यांची बातमी वाचून त्यांना कुलपांची कल्पना सुचली असं सांगतात. तिकडे अलीगढला जॉन्सन नावाच्या इंग्रज कंपनीमागून कुलपांचा धंदा घरोघरी पोचला, दक्षिणेत दिंडिगलच्या लोहारांनी आपली कुलपं नावारूपाला आणली. दिंडिगलच्या कुलपाला २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. गिरणगावातल्या खोलीचा भाडेकरू दिवसपाळीला गेला की दाराला कुलूप लागे. घरात अडसर घालायला कुणी उरलेलं नसे. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीसाठी याच गोदरेजांच्या विक्रोळीच्या कारखान्यात लाखो पोलादी मतपेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीला वेगळं कुलूप परवडेना, म्हणून पेटीच्या आतच बसणारी कुलपाची युक्ती काढली गेली. ज्यांच्या घराला कुलूप लावण्याजोगं काही नव्हतं, त्यांचंही मत बंद पेटीत सुरक्षित राहिलं.

पण अशा शहरांतही बाईकडे स्वतःचं असं काय होतं? एकत्र घरात जुडगा सासूच्या कमरेला. कोठीची, देवघराच्या कपाटाची, दुधाच्या जाळीच्या कपाटाचीसुद्धा किल्ली तिच्याकडे. सुनेकडे एकच जागा असे, माहेरहून आलेली पेटी.

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. जागा ठरली दुर्ग आणि रायपूरच्या मधली, मुंबई-हावडा लोहमार्गावरची. अनेक गावांच्या जमिनी गेल्या. मातीच्या भिंतींची, खपरेलांची ती घरं. दाराला साखळी घालून माणसं शेतावर जात, असं इथली जुनी माणसं सांगतात. ती घरं कुलपाविनाच गेली. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. तोवर इथे देशभरातून माणसं आली होती. पंजाबी, मल्याळी, बंगाली, आंध्रातली, बिहारी. आणि आपली, नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडची. कॅम्पांतल्या आणि सेक्टरांतल्या प्रत्येक खोलीत एक लोखंडी पेटी आणि पेटीला एक कुलूप. शेजारी कोण, त्याची भाषा काय, हे कळायला महिने लागत.

बाबा १९५८ साली आले, आई १९५९ च्या जूनमध्ये लग्न होऊन. तिच्या जन्मावेळी नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्ये सीमा आली. नागपूर आधी मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि २००० साली त्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, घर न बदलता छत्तीसगढात आलो. एका रात्रीच्या गाडीवर असलेलं तिचं माहेर परराज्य होऊन बसलं. सासू इथे नव्हती, जुडगा नव्हता. क्वार्टरच्या दाराची किल्ली बाबांकडे असायची, कारण पाळी संपवून ते कधीही परत येत. आईच्या कनवटीला तेवढी ती एक किल्ली.

सरदारजी तिसऱ्या दिवशी आले. गजराच्या घड्याळातून काढलेली पोलादी पट्टी त्यांनी कात्रीनं अगदी बारीक कापली, मेणबत्तीवर तापवून वाकवली, चौथ्या पट्टीच्या फटीत बसवली. ती बोटानं दाबली तर टुणकन परत आली. मग किल्ली. पट्ट्या क्रमानं बसवून एकेक पट्टी टाचणीनं उचलायची, खाच खुंटीसमोर आली की थांबायचं, तेवढी उंची कोऱ्या किल्लीवर कानसनं उतरवायची. किल्लीवर दिव्याची काजळी धरायची, म्हणजे पट्टी कुठे घासते ते दिसतं. सहा पट्ट्यांचे सहा दात, आणि बोल्ट ढकलणारा सातवा. प्रत्येक पट्टीला पाच उंच्या धरल्या तरी १५,६२५ किल्ल्या होऊ शकतात. त्यांतली आईची कुठली, ते कुलूप स्वतःच सांगत होतं.

त्यांच्या किल्लीवरून दुसरी मी केली. बाबांच्या हत्यारपेटीतली बारीक कानस घेतली. एक दात जरा जास्त गेला, ती किल्ली टाकून पुन्हा पहिल्यापासून. अडीच तास लागले. सरदारजी चहा पीत बघत होते आणि एकदाही हात पुढे केला नाही. शेवटी आत शिशाची पूड टाकून, पत्रा बसवून, पितळी सळईचे चार तुकडे रिव्हेट म्हणून ठोकले. पत्रा घासून सपाट केल्यावर ते नवे म्हणून ओळखू आले. रंग किंचित पिवळा, बाकीच्या पितळेपेक्षा तरुण. ते मुद्दाम काळे करायचे का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

साडीच्या काठाची गाठ आईनं सोडली. कुलूप कोयंड्यात घातलं, कडी दाबली, कट्ट झालं. मग किल्ली घेतली आणि किल्ली घालण्याआधी पेरानं कुलपाला दोन टिचक्या मारल्या.

"आई, आता नाही मारावं लागणार. दुरुस्त झालंय."

"असू दे," ती म्हणाली.

कुलूप उघडलं. तिनं झाकण वर केलं, पूर्ण, माझ्यासमोर. बाहेर झाकणावर पांढऱ्या रंगात तिचं सासरचं नाव लिहिलेलं आहे, लग्नात तांदळांत कोरून बदललेलं. ते मी रोज पाहत आले. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याच पांढऱ्या रंगात, आजोबांच्या वळणदार अक्षरांत, दुसरं नाव होतं. माहेरचं. नाव आणि आडनाव दोन्ही. साठी ओलांडल्यावर मी ते पहिल्यांदा पाहिलं. मी काही बोलले नाही, तीही बोलली नाही. तिनं वरच्या शालीवर हात फिरवला, झाकण लावलं, कुलूप घातलं.

मग तिनं हात पुढे केला. "दुसरी?"

मी म्हटलं, "दुसरी माझ्याकडे ठेवते. हरवली तर असावी."

"हरवली तं पाहू," ती म्हणाली, आणि दोन्ही किल्ल्या कनवटीला खोचल्या.